फवारणी कक्षाचं उद्घाटन

आमच्या फ्रिजचा माथा हळूहळू युद्धनौकेच्या रंगाचा झाला. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून छोटी जहाजं आणि विमानं जोडायची, मग एअरब्रशने, म्हणजे पेनाएवढ्या फवाऱ्याने, ती रंगवायची, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. फवारलेला सगळा रंग जहाजावर बसत नाही. बराचसा हवेत राहतो आणि हवेतला रंग कुठेतरी टेकतोच. तो फ्रिजवर टेकतो हे मला माहीत होतं. बायकोला माहीत नव्हतं, कारण तिच्या उंचीला फ्रिजचा माथा दिसत नाही. मग एका उन्हाळ्यात लोणच्याची बरणी ठेवायला ती स्टुलावर चढली.

ती शाळेत मुख्याध्यापिका होती, त्यामुळे तिला आवाज चढवावा लागत नाही. तिने फ्रिजवरून बोट फिरवलं आणि ते राखाडी बोट मला दाखवलं. वरणाला रंगातल्या थिनरचा वास येतो हेही तेव्हाच सांगून टाकलं. इतके दिवस ती डाळ बदलून बघत होती. निकाल साधा होता. यापुढे वास आला, तर जहाजं, विमानं, फवाऱ्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, सगळं भंगारवाल्याला.

या दुखण्यावरचा इलाज म्हणजे स्प्रे बूथ. नाव भारदस्त असलं तरी ते पुढून उघडं असलेलं एक खोकं असतं. मागे पंखा, पंख्यापुढे जाळी, पंख्यामागे पाइप. वस्तू खोक्यात ठेवून रंगवायची. उडालेला रंग जाळीत अडकतो आणि वास पाइपाने बाहेर जातो. तयार बूथ मिळतात, पण जाहिरातीच्या चित्रांत ते ज्या टेबलावर ठेवलेले असतात ते टेबलच आमच्या स्वयंपाकघरात मावणार नव्हतं. मी वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं घेतलं आणि पंखा आणायला पनवेलच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने विचारलं, किचनचा की बाथरूमचा. मी म्हटलं, दोन्ही नाही. त्याने जरा विचार करून विचारलं, चायनीजची गाडी टाकताय का. मी विमानं रंगवतो म्हटल्यावर त्याने नव्या विमानतळाच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाला, "मग हा छोटा पडेल, काका."

छोटाच आणला. खोकं स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत बसवलं आणि पाइप खिडकीतून बाहेर काढला. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. इमारतीच्या दर्शनी भागाला बाधा येते, म्हणाले. आमच्या इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे गंजलेले ग्रिल आणि वाळत टाकलेले टॉवेल, पण नियम तो नियम. प्रकरण चेअरमनकडे गेलं.

चेअरमन आमच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे उरणकडच्या गावचे. जमीन प्रकल्पात गेली, मग ठेकेदारीत उतरले, आणि आता सगळं नवीन पनवेल नसलं तरी आमची इमारत त्यांना शेठ म्हणते. मनाने उदार माणूस. त्यांना एकच हौस, उद्घाटनाची. पाण्याची मोटर, पार्किंगचे पट्टे, कचऱ्याचे डबे, सगळ्यांवर त्यांच्या शुभहस्तेची दगडी पाटी आहे. लेटरबॉक्सवरची पाटी तर लेटरबॉक्सहून मोठी आहे.

शेठ खाली आले आणि खोक्याभोवती फिरून म्हणाले, "सर, तुमी एवढी शिकलेली मानसं, आनि खोक्यात काम करता? मी हाय ना."

मी नको म्हणायच्या आत त्यांची माणसं आली. हॉटेलांच्या भटारखान्यांची धुरांडी बनवणाऱ्या कारागिराकडून स्टीलचा बूथ आला. खाली काळा ग्रॅनाइट बसला. पंखा उरणजवळच्या द्रोणागिरीच्या कुठल्या तरी गोदामातून काढलेला. तो सुरू केला की बाल्कनीचं दार आपोआप लागायचं. पाइप दर्शनी भागात दिसू न देता मागच्या डक्टमध्ये, म्हणजे सांडपाण्याचे नळ ज्या अरुंद बोळातून वरखाली जातात तिथे सोडला. सेक्रेटरींचा आक्षेप मिटला. जे दिसत नाही ते आमच्याकडे नियमात बसतं.

मग उद्घाटन. जिन्यात खुर्च्या, बाल्कनीच्या दाराला रिबीन, ग्रॅनाइटवर नारळ. "फवारणी कक्ष" अशी पाटी, खाली शेठचं नाव; माझं नाव खाली बारीक अक्षरांत, जागामालक म्हणून. ती वाचून बी विंगमधल्या एका बाईंनी मला विचारलं, डासांसाठी फवारायला आमच्याकडे कधी येणार. शेठनी भाषणात सांगितलं की असा प्रकल्प आपल्या सेक्टरात पहिलाच. जगात कुठेही एका माणसाच्या बाल्कनीतल्या कपाटाला प्रकल्प म्हटलं असेल असं मला वाटत नाही, पण मी मान डोलावली. मला शाल दिली गेली.

पंख्याची चाचणी उदबत्तीने झाली. मी बटण दाबलं, धुराने एकदम वळण घेतलं आणि तो जाळीतून नाहीसा झाला. टाळ्या पडल्या. बायको पुढे आली, तिने हवा हुंगली आणि संमतीची मान हलवली. एवढ्यात शेठची बायको वरून धावत आली. म्हणाली, "आवो, आपल्या बाथरूमात देवलासारखा वास सुटलाय."

लोकांनी हात जोडले. शेठनीही जोडले. त्यांच्या बाथरूमची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडते हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. पण अंगावर शाल होती.

शेठचं बाथरूम म्हणजे त्यांच्या घराचा दिवाणखाना. पाहुणा आला की आधी तिथे नेतात. इटालियन मार्बल, रंग बदलणारे दिवे लावलेला टब, आणि नळ असा की तो कुठून सुरू करायचा हे पाहुण्याला सांगावं लागतं. आता तिथे थिनर जाऊ लागला.

आमच्या घरात मात्र वासाचा मागमूस नव्हता. पंखा इतका जोरदार की ठेवलेलं विमान आपणहून मागे सरकायचं. मी ते कणकेच्या गोळ्याने चिकटवून रंगवायचो. वरण वरणासारखं लागत होतं. फक्त सकाळी शेठचं टबातलं गाणं यायचं ते बंद झालं आणि त्या जागी खोकला ऐकू येऊ लागला. जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, वर काही वास वगैरे येतो का. डोळे लाल, पण म्हणाले, कसला वास, प्रकल्प मस्त चाललाय.

एकदा बायको वर चहाला गेली. अर्थातच तिला हात धुवायला बाथरूममध्ये नेलं. खाली आली तेव्हा तिचं तोंड मी ओळखलं. मी लगेच म्हटलं की अट आपल्या घराची होती.

"अट वासाची होती," ती म्हणाली. "तो जिना चढून वर गेला म्हणून संपत नाही."

मिटेपर्यंत फवारा बंद. मिटलं नाही, तर भंगारवाला खालून जातोच रोज.

मी वर गेलो आणि सरळ सांगितलं की आमचा पाइप तुमच्या खिडकीखाली सुटतो. शेठ म्हणाले, त्यांना सर्दी आहे, त्यांना काही वास येत नाही.

"मग मला कसा येतो?" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"तुला कायम काय तरी येतंच," शेठ आत बघून म्हणाले. मग माझ्याजवळ सरकून हळू आवाजात, "सर, पाटी लागलीय. लोक काय बोलतील, शेठनी सोताच्याच घरात धूर सोरला?"

मग फवारणी बंदच करतो म्हटलं, तर तेही त्यांना चालेना. स्वतःच्या नावाचा प्रकल्प बंद पडला, तर पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरी तेच धरून बसतील. म्हणजे चालू ठेवला तर खोकला आणि बंद केला तर नामुष्की. मी खाली येऊन कॉम्प्रेसर पुसायला घेतला. भंगारात द्यायचा तरी स्वच्छ द्यावा.

बायको माझ्याकडे बघत होती. म्हणाली, तुम्ही त्यांना चूक दाखवलीत ना? शाळेच्या संस्थाचालकांबरोबर तिने अर्धं आयुष्य काढलंय. अशा माणसांना चूक दाखवायची नसते, पुढचं काम द्यायचं असतं, असं म्हणून तिने केस नीट केले आणि वर गेली. मी मागोमाग.

"शेठ, पहिला टप्पा छान झाला," ती म्हणाली. "दुसरा कधी घेताय? पाइप गच्चीपर्यंत न्यायचा."

शेठ सोफ्यावर सरळ बसले. "दुसरा टप्पा," ते सावकाश म्हणाले, जणू बासुंदीचा पहिला घास तोंडात ठेवलाय. "ताई, हे मी पयल्यापासून बोलत होतो. बोलत होतो ना गं?"

"हां, बोलत होते," त्यांची बायको म्हणाली आणि तिने बाथरूमचं दार घट्ट ओढून घेतलं.

पाइप शेठच्या खिडकीवरून थेट गच्चीवर गेला. गच्चीत मांडव घातला गेला, वडे झाले, आणि या प्रकल्पाची आखणी सुरुवातीपासून दोन टप्प्यांतच होती, असं भाषणात सांगण्यात आलं. सेक्रेटरींनीही टाळ्या वाजवल्या. वडे त्यांच्या हातात होते म्हणून जरा उशिरा.

पाहुणे गेल्यावर बायकोने मला बूथसमोर बसवलं. मी कणकेवर विमान चिकटवलं आणि फवारा सुरू केला. तिने आमच्या तिन्ही खोल्यांत फेरी मारली, मग दार उघडून वर गेली. मी फवारत राहिलो, कान जिन्याकडे. बऱ्याच वेळाने ती हातात झाकलेली वाटी घेऊन परत आली.

"वर सुकट भाजतायत," ती म्हणाली. "तिचाच वास आहे. दुसरा नाही. रंगवा."