नकाशातले कोरे देश

ओल्या रंगाचा वास आला की पेणच्या गणपती कारखान्यातली ती दुपार आठवते. आई तिथे मूर्तींना अंगाचा गुलाबी रंग द्यायची. त्याच रंगाने मी बारावीच्या प्रकल्पासाठी पुठ्ठ्यावरच्या नकाशात ब्रिटिश साम्राज्य रंगवलं आणि स्वतंत्र झालेले देश कोरे ठेवले. पाणी पिऊन येते तर आईने तेही गुलाबी केलेले! "कोरं दिसलं गो, म्हटलं राह्यलं." "आई, ते सुटलेले देश हायत! तासाभरात द्यायचाय नकाशा!" तिने पॉलिश पेपर घेतला. "सांग, पयला कोन सुटला?" मी चिडून नावं घेतली, ती खरवडत गेली. "हे देश ओरखडलेले का?" नकाशा पाहून इतिहासाच्या बाईंनी विचारलं. "सहज नाय सुटले, बाई," मी म्हटलं. आता रोह्याच्या कॉलेजात तोच विषय शिकतेय, पण याहून बरं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.