नांदगावची हेराल्ड आणि डावीकडचं लिंबू

लग्नासाठी मी एकच मुलगी बघितली आणि तिनं लगेच होकार दिला. गाड्या मात्र डझनावारी बघितल्या, एकीनंही माळ घातली नाही. हे मी गमतीनं सांगतो, बायको गंभीरपणे सांगते.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. नाशकात गल्लोगल्ली चकचकीत छोट्या गाड्या हप्त्यावर येत होत्या, आणि मी नि माझा मेहुणा एक मेलेली गाडी शोधत फिरत होतो. हेराल्ड. दोनच दारांची, मागे माशासारखे लहानसे पंख असलेली. तिचं बोनेट मडगार्डांसकट एकाच तुकड्यात पुढे उघडायचं, आणि मेकॅनिक ऐटीत पुढच्या टायरवर बसून काम करायचा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मुलांचा मामा, म्हणून सगळ्या घराचाच मामा. माझे वडीलही त्याला ‘मामासाहेब’ म्हणत आणि त्यातल्या ‘साहेब’वर जरा जास्तच जोर देत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी शाळेत असताना त्यांच्याकडे आकाशी रंगाची हेराल्ड होती. रविवारी तिच्यातून देवळाली कॅम्पला जायचं, बेकरीतून गरम पाव घ्यायचा आणि घरी पोचेपर्यंत मागच्या सीटवर तो संपवायचा, एवढीच आमची सहल. पुढे सुटे भाग मिळेनासे झाले. ती दारात उभी राहिली ती राहिलीच आणि एके दिवशी अण्णांनी देऊन टाकली. तिच्याविषयी ते कधी बोलले नाहीत. पण एस.टी.त पुढच्या बाकावर बसले की त्यांचा डावा हात मांडीशेजारी हवेत गिअर बदलायचा. चढावर ड्रायव्हरनं गिअर पाडायला उशीर केला, की तोंडानं ‘च्’.

मग त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेनं जाते, मधलं बरेच दिवस दिसत राहतं. गेलेली परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची. दवाखान्यातून येताना अण्णांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आता गाडी चालवायची नाही?”

घरात गाडीच नव्हती. होती ती माझी स्कूटर. पण मधलं दिसतंय तोवर यांना एकदा हेराल्डच्या स्टिअरिंगमागे बसवायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ठरवायला काय जातं!

नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ जुन्या गाड्यांचा एक मेकॅनिक होता. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या गाड्यांची खबर त्याच्याकडे असे आणि तितक्याच आत्मविश्वासानं तो ती चुकीची देत असे. “भाईसाब, एकदम ओरिजनल पीस है, जाके देखो तो!” की आम्ही निघालो. कॅम्पातल्या एका बंगल्यामागे ताडपत्रीखाली अगदी गाडीचा आकार दिसला. माळ्यानं ताडपत्री ओढली तर खाली रचून ठेवलेल्या लोखंडी खाटा. मामा म्हणाला, “दाजी, खाटा मात्र ओरिजनल आहेत हं.”

पेठ रस्त्याला तर आम्ही खरोखर हेराल्डपर्यंत पोचलो. तिथल्या गोठ्यात तिचं बोनेट उलटं टाकलेलं होतं आणि दोन म्हशी त्यात तोंड घालून कडबा खात होत्या. बाकीच्या गाडीचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णा त्या दिवशी आमच्याबरोबर होते. त्यांनी म्हशीचं तोंड हळूच बाजूला सारलं, पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “चला, निदान कुणाच्या तरी पोटात काहीतरी जातंय.” परतीच्या वाटेवर ते बाहेर बघत होते. डावा हात मांडीवर गप्प पडलेला होता. आशेचा दिवा दाखवायचा आणि विझवायचा, असा उद्योग मी लावलाय की काय, असं वाटून मला स्वतःचाच राग आला.

त्यानंतर नांदगावची खबर आली. धान्याचा एक म्हातारा व्यापारी, त्याच्या आवारात अख्खी हेराल्ड. मामा स्वतः आधी जाऊन बघून आला. बोनेट जागेवर होतं, म्हशी नव्हत्या. इंजिन मात्र जाम.

“दसऱ्याला जाऊ या,” मामानं डोकं चालवलं. “साडेतीन मुहूर्तांतला दिवस. आज शब्द टाकला तर माणूस नाही म्हणणार नाही.”

मला हे एकदम पटलं. बायको चक्का फेटत होती. ती म्हणाली, “दसऱ्याला लोक सोनं आणतात. तुम्ही गंज आणा.”

मामाच्या व्हॅनची पूजा उरकून आम्ही तिघं निघालो. मागच्या सीटवर अण्णा, इस्त्रीचा सदरा घालून. नुसती गाडी बघायला कुणी इस्त्रीचा सदरा घालत नाही, हे मला आरशात बघताना कळत होतं.

शेठ अण्णांच्याच वयाचे निघाले. त्यांनी आम्हाला आपट्याची पानं दिली, पेढा दिला, चहा दिला. मामानं घसा खाकरून विषय काढला. शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं वरातीत कुणी नवरीची किंमत विचारावी.

“आज?” ते म्हणाले. “आज घेनाऱ्याचा मुहूर्त हाय, पाव्हणं. देनाऱ्याचा नाय. दसऱ्याच्या दिशी घरचं वाहन पुजायचं, का दुसऱ्याच्या दावणीला बांधायचं?”

मामाचा चहा कपातच राहिला. इतक्या दसऱ्यांना सोनं लुटलं, पण मुहूर्ताला दोन बाजू असतात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“मग उद्या?” मी.

“उद्या एकादशी.”

“परवा?”

शेठ हसले. “खरं सांगू का, परवा बी नाय. ती चालत नाय, म्हनून काय इकायची? मी तरी कुठं चालतो आता!”

अण्णा एकदम मोठ्यानं हसले. आमच्या शोधमोहिमेत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. माझा मात्र चेहरा पडला होता. एवढ्या लांब आणून पुन्हा तेच.

उठताना शेठच म्हणाले, “पन आला हाय तर जरा हात लावा. दोन्ही पोरं पुन्याला. पूजेला गाडी शेडातून निंबाच्या झाडाखाली आनावी लागती, चाकांखाली लिंबं फोडत काढावी लागती. लय जड हाय.”

चाकांत सकाळीच सायकलच्या पंपानं हवा भरलेली होती. “सांजपर्यंत टिकती,” शेठ म्हणाले. गाडी दुधी रंगाची होती. आकाशी नव्हे. तरी अण्णा तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते आणि त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता.

शेठनी ते पाहिलं. “कधी चालवली हाय का तुम्ही?”

“आकाशी होती,” अण्णा म्हणाले.

“मग बसा की. मला कुठं वळवाया येती!”

अण्णा बसले. आरसा नीट केला. क्लच दाबला, गिअर हलवून न्यूट्रलची खात्री केली. इंजिन जाम असलेल्या गाडीत. मग खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, “मामासाहेब, जोर लावा.”

मी आणि मामा मागून रेटत होतो. माझं तोंड तिच्या पंखाला टेकलं होतं आणि गंजाचा वास नाकात जात होता. शेठ डाव्या बाजूनं चालत अण्णांना सांगत होते, “या, या, खांब गेला, आता वळवा.” शेडातून निघून, पोत्यांची थप्पी चुकवून, निंबाला वळसा घालून गाडी पूर्वेला तोंड करून उभी राहिली. घामाघूम झालो. शेठनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. आम्ही पुन्हा रेटलं. फच्, फच्, फच्.

“एक राह्यलं!” शेठ ओरडले. डावीकडचं पुढचं लिंबू जसंच्या तसं शाबूत, चाकाच्या बाजूला.

मी आणि मामानं एकमेकांकडे पाहिलं. अण्णांची डावी बाजू.

“मागे घ्या,” अण्णा आतून म्हणाले. “परत जाऊ.”

परत गेलो. मागे, मग पुढे. या वेळी अण्णांनी मान पूर्ण डावीकडे वळवून, शेजारच्या सीटवर अर्धं अंग झुकवून बघितलं, आणि लिंबू फुटलं. सणाला पुण्याहून एकटीच आलेली शेठची सून ओट्यावरून बघत होती, तिनं टाळ्या वाजवल्या.

येताना मनमाड मागे पडलं. शेवटी मामाला राहवलं नाही. “अण्णा, ते लिंबू दिसलं नव्हतं ना हो?”

“दिसलं होतं की,” अण्णा म्हणाले. “एकाच फेरीत संपवून कसं चालेल?”

खरं-खोटं देव जाणे. मी आरशात पाहिलं, तर त्यांचा डावा हात मांडीशेजारी तिसरा गिअर टाकत होता.

गाडी शोधणं आम्ही त्यानंतर बंद केलं. पुढच्या दसऱ्याला शेठचाच फोन आला, ढकलायला माणसं पाहिजेत म्हणून. तोवर अण्णांची मधली नजरही धूसर व्हायला लागली होती. तरी सदरा इस्त्रीचा होता. शेठनी या खेपेला डाव्या चाकापुढे लिंबाऐवजी भलंमोठं ईडलिंबू ठेवलं आणि ते मांडताना कुणाकडे बघितलं नाही.

अण्णांनी मान वळवून त्या पिवळ्या गोळ्याकडे बराच वेळ टक लावली. “हे कुणी बदललं? मला काय लिंबू दिसत नाही?” असं पुटपुटत त्यांनी क्लच दाबला, आणि आम्ही रेटायला लागलो.

“आलं का चाकाखाली?” थोड्या वेळानं आतून आवाज आला.

“आलं, अण्णा,” मागून आम्ही दोघंही ओरडलो. आवारभर फुटलेल्या ईडलिंबाचा वास सुटला होता.