ओकबुनचं ‘काम नाही’

ओकबुन जपानातल्या आमच्या कोरियन गल्लीत आतडी भाजून विकायची. तिच्या धुरानं आमची वाळलेली धुणी पुन्हा धुवावी लागत, पण तिला तसं सांगायची छाती कुणाची? सांगणाऱ्याच्या ताटात दुसऱ्या दिवशी नुसता कांदा यायचा. जपानी पोलीस आले तरी ती चिमटा खाली ठेवत नसे. अशी ही बाई भ्यायची ती फक्त स्वतःच्या तोंडाला.

तिचा धाकटा भाऊ चोंगसू साठ साली निइगाताच्या बंदरातून जहाजात बसला आणि उत्तर कोरियात गेला. आमच्या सगळ्यांचं मूळ खरं तर दक्षिणेतल्या जेजू बेटावरचं. पण इथं जपानात कोरियन पोराला कुणी नोकरी देईना, आणि तिकडे म्हणे शाळा फुकट, घर फुकट. चोंगसू डावखुरा, टेबल टेनिसचा वेडा. हामहुंग शहरात पोरांना खेळ शिकवतो, एवढं कानावर आलं, आणि पुढं त्याचं काहीच कळेना. इथला नातेवाईक एक शब्द वाकडा बोलला की तिकडे गेलेल्याला तो भोवतो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणून होतं. म्हणून ओकबुन भावाचं नावच टाकून बसली. गिऱ्हाइकानं विचारलं, “भावंडं किती?” तर म्हणायची, “मी एकटीच उगवले, तणासारखी.”

मग एक्क्याण्णव साल उजाडलं. जपानात टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा होती, आणि दोन्ही कोरियांनी मिळून एकच संघ उतरवायचं ठरवलं. पुढाऱ्यांना इतकी वर्षं एकमेकांशी बोलणं जमलं नव्हतं, तेव्हा आता चेंडू बोलणार होता. संघाचा सराव आमच्या गावात, आणि जेवणखाण आमच्या गल्लीकडे. गल्लीत दोन संघटना, एक दक्षिणवाल्यांची, एक उत्तरवाल्यांची. एकमेकींच्या मयतीला न जाणाऱ्या बायका एका चुलीवर आल्या.

“एवढं तिखट? खेळाडू आहेत त्या, राक्षस नव्हेत,” पाक वहिनी म्हणाल्या. उत्तरवाल्यांच्या अध्यक्षांची ही बायको.

“तुमची पाणचट किमची खाऊन चेंडू जाळीपर्यंतसुद्धा जायचा नाही, वहिनी,” ओकबुन म्हणाली.

असं आमचं आंतरराष्ट्रीय सौहार्द चाललं होतं.

उत्तरेच्या मुलींमध्ये मीह्यांग म्हणून एक राखीव खेळाडू होती. पाक वहिनी बोलता बोलता म्हणून गेल्या की ती हामहुंगची. मुळा चिरता चिरता ओकबुनचा हात थांबला. त्या दिवसापासून ती पोर जेवायला बसली की ओकबुन भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राही. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “ताई, विचारलं तर चोंगसू मरेल. नाही विचारलं तर मी.”

“त्या पोरीचाही विचार कर,” मी म्हटलं. उत्तरेच्या मुलींबरोबर तिकडूनच आलेला एक चष्मेवाला गृहस्थ असायचा. खेळाचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो फक्त कोण कुणाशी बोलतं ते बघायचा.

तरी तिनं विचारलंच. सूप वाढायला वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, “हामहुंगचे चोंगसू मास्तर. डावखुरे. कसे आहेत?”

पोरीचा चमचा हवेतच राहिला. तिनं चष्मेवाल्याकडे पाहिलं, मग वाडग्यात पाहिलं, आणि म्हणाली, “इलऑप्सूमनिदा.”

या शब्दाचा सरळ अर्थ ‘काम नाही’. आमच्या बोलीत कुणाला तसं म्हटलं, म्हणजे तुझ्याशी मला काही कर्तव्य नाही, चालती हो. ओकबुनचा चेहरा राखेसारखा झाला. तेवढ्यात चष्मेवाला येऊन उभा राहिला.

“काय विचारत होतात?”

“सूप… आणखी सूप हवं का म्हणून.”

त्यानं काठोकाठ भरलेल्या वाडग्याकडे पाहिलं. चुलीजवळून पाक वहिनी खेकसल्या, “आमच्या जेजूच्या बायका भरल्या वाडग्यातच ओततात, भाऊ. माझ्या नवऱ्याचं पोट पाहिलंत ना?”

तो हसला नाही, पण गेला. पाक वहिनींनी ओकबुनकडे बघितलंसुद्धा नाही. कांदा चिरत राहिल्या.

त्यानंतर ओकबुनचं खाणंपिणं सुटलं. “एक तर तो मेला, ताई, नाहीतर त्यानं मला तोडलं. नाहीतर ती पोर मला बजावत होती, की तू तोंड उघडलंस, आता भोग.” दारावर कुणी टकटक केलं की ती दचकायची. धूर नसलेलं तिचं दुकान बघून मलाच कसंतरी व्हायचं.

एकदा मी सातूचा चहा घेऊन सरावाच्या दालनात गेले. दक्षिणेच्या एका पोरीची बॅट मीह्यांगच्या बोटांवर बसली. ती माफी मागू लागली, तर मीह्यांग म्हणाली, “काम नाही.” दक्षिणेची पोर रडवेली झाली. मीह्यांग गोंधळली, आणि मग खो खो हसायलाच लागली. “अगं, रागावले नाही मी. आमच्याकडे ‘काम नाही’ म्हणजे ठीक आहे, काळजी नको. तुमच्याकडे काय म्हणतात?”

चहाची किटली तिथंच ठेवून मी या वयात धावले.

ओकबुननं ऐकून घेतलं. “म्हणजे तो ठीक आहे?”

“कसे आहेत विचारलंस, तर ठीक म्हणाली. आणखी काय हवं?”

“की चष्मेवाल्याच्या भीतीनं नुसतं म्हणाली?”

ते मला कुठून कळणार? आणि पुन्हा विचारायची तर सोय नव्हती. चष्मेवाल्यानं पोरीला एकदा बोलताना बघितलं होतं, दुसऱ्यांदा तिला सोडलं नसतं.

संघ निघायच्या दिवशी आम्ही बसपाशी रांगेत उभ्या होतो. मीह्यांग समोर आली, तिच्या मागोमाग चष्मेवाला. मी ओकबुनचं मनगट धरून ठेवलं होतं. तिनं ते सोडवलं आणि मोठ्यानं म्हणाली, “मी ओकबुन. मलाही काही काम नाही, पोरी. घरच्यांना सांग.”

चष्मेवाल्यानं मान वळवली. “कसलं काम?”

“तुमचा स्वयंपाक संपला ना,” ओकबुन म्हणाली. “आता हात रिकामे. एवढंच म्हणते मी.”

तो बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. पोरीनं खाली मान घातली आणि ती बसमध्ये चढली.

बस वळली तशी ओकबुन मटकन खाली बसली. “मी तिचं वाटोळं केलं. स्वतःचं नाव सांगितलं, ताई. नाव कशाला सांगितलं मी?”

अंतिम सामना चीनशी होता. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका पाक वहिनींकडे टीव्हीसमोर बसल्या. शेवटचा गुण आपल्या पोरींनी घेतला, तशा दोन्ही संघटनांच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. ओकबुन एकटी पडद्याला नाक लावून होती. पदकाकडे तिचं लक्ष नव्हतं. खेळाडूंच्या मागच्या, राखीव पोरींच्या रांगेतला एकेक चेहरा ती न्याहाळत होती.

“सरक की बाई, काचेची आहेस का?” कुणीतरी ओरडलं.

ती सरकली नाही. कॅमेरा रांगेवरून फिरला आणि टोकाला मीह्यांग दिसली. टाळ्या वाजवत होती आणि नाक पुसत होती.

“आहे,” ओकबुन म्हणाली. “अजून तरी आहे.”

मग मागे वळून पाक वहिनींना म्हणाली, “वहिनी, जेवायला काही आहे का? असू दे पाणचट.”