पत्रव्यवहाराचा पत्ता

हळदीच्या वावरातला ओलावा उपग्रहावरून किती बरोबर कळतो, यावर मी एक शोधनिबंध लिहिला होता. मी राष्ट्रीय अवकाश संस्थेत काम करतो. उपग्रहाचे आकडे संस्थेचे होते. ते खरे की नाही हे ठरवणाऱ्या नोंदी मात्र कुरुंदा गावच्या वावरांतल्या होत्या. आमच्याच भागातली, महाविद्यालयात शिकवणारी एक प्राध्यापिका दोन हंगाम दर आठवड्याला वावरात जाऊन माती तपासत होती. मला ती दादा म्हणते. तिच्या पीएच.डी.चं एक प्रकरण या निबंधावर उभं राहणार होतं.

“छापून आला की कुणालाही मोफत वाचता येईल,” असं मी तिला सांगितलं होतं. ते उगाच नव्हतं. संस्थेचा प्रकाशकांशी तसा करार आहे. अट एकच: पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने संस्थेचा ईमेल द्यायचा. त्यावरूनच प्रकाशकाला कळतं की हा माणूस करारातला आहे.

मी माझा खाजगी ईमेल दिला. त्या जुन्या खात्यावर माझे आधीचे सगळे निबंध एका रांगेत दिसत, आणि ती रांग मला मोडायची नव्हती. दुसरं काही कारण नव्हतं.

निबंध आला तो कुलूप लावूनच; पैसे भरल्याशिवाय उघडेना. तिचा फोन आला.

“दादा, तुमचा उपग्रह माझं वावर फुकटात बघतो, आन् मला काहून पैसे मागून राहिला?”

“वेळ लागतो त्यांना,” मी म्हणालो. हे खोटं होतं. मी माझी प्रत तिला पाठवू शकलो असतो. पण मग तिने खोदून विचारलं असतं, म्हणून तीही पाठवली नाही.

दोन महिन्यांनी ती म्हणाली, “राहू द्या दादा. मी ते प्रकरणच काढते. न वाचलेल्या निबंधाचा दाखला कसा देऊ?”

त्याच दुपारी मी आमच्या ग्रंथपाल बाईंकडे गेलो. करार त्याच सांभाळतात.

“दोन महिने झाले, आणि आज सांगताय?” त्या म्हणाल्या. मग कराराचे कागद काढून त्यांनी पाहिलं. त्याच वर्षीचा निबंध मागाहून करारात घेता येत होता. “चूक कशी झाली ते लेखी द्या. तांत्रिक अडचण लिहू नका, सगळे तेच लिहितात.”

मी खरं ते लिहिलं. मग फोन करून तिलाही सांगितलं.

“एवढंच होतं व्हय? मला वाटलं, माझ्या नोंदीच टाकून दिल्या तुमी. म्हणून तोंड चुकवून राहिले.”

हे मला सुचलंच नव्हतं. माझी लाज झाकताना मी तिच्या दोन हंगामांच्या कामावर संशय घ्यायला तिलाच लावलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात कुलूप निघालं. तासाभरात तिचा फोन.

“दादा, तिसरा तक्ता उघडा. कालव्याकाठचं वावर आन् माळावरचं वावर, आकडे अदलाबदल झालेत.”

मी तिने पाठवलेले वहीचे फोटो उघडून ताडून पाहिलं. उतरवताना चुकलो होतो मीच. निष्कर्ष बदलत नव्हता, पण माळावरची कोरडी माती मी ओली करून ठेवली होती. “कुरुंद्यात कुणीबी हसंल,” ती म्हणाली. आता कुरुंद्यात कुणीही वाचू शकत होतं, हेही खरंच.

दुरुस्ती आम्ही दोघांनी मिळून लिहिली आणि प्रकाशकाकडे पाठवली. उत्तर अजून यायचंय. प्रकरण तिने पुन्हा लिहायला घेतलंय, आणि बरोबर तक्ता आधी आपल्या प्रबंधातच छापून येईल, असं ती मला दर फोनला ऐकवते.