दोन्ही बाजूंनी सारखा

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला राहायला आल्यावर रेशनकार्डासाठी मी एका कचेरीत हेलपाटे घालत होते. खिडकीमागचा कारकून कधीच हसायचा नाही. नकार देताना उजवी भुवई तेवढी उडवायचा. मग एका आठवड्यात तीही थांबली. चहा ओठांतून गळायचा, तो गुपचूप रुमालाने पुसायचा. दुपारच्या डुलकीत त्याचे डोळे उघडेच राहायला लागले आणि आम्ही रांगेतले समजलो, साहेब विचार करतायत.

पुढच्या खेपेला खिडकी बंद होती.

काही महिन्यांनी तो काठी टेकत परतला. काय झालं होतं, मी विचारलं.

"नसांचा आजार. शरीर स्वतःच्याच नसांवर उठतं. एरवी पायांपासून वर चढतो म्हणे, माझा तोंडापासून सुरू झाला. आमचे डॉक्टर म्हणाले, तोंड वाकडं कुठंय? टॉनिक घ्या! अहो ताई, एक बाजू गेली असती तर वाकडं दिसलं असतं. माझ्या दोन्ही गेल्या. आमचे साहेब तर खूश, म्हणाले, आता कुठे तुम्ही या खुर्चीला शोभता. शेवटी श्वास अडकला, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात कळलं."

एवढं बोलून तो हसला. दोन्ही गाल वर चढवून, माझ्याकडे आणि मग अख्ख्या रांगेकडे बघून, छान हसला.

माझ्या मागे लगेच कुजबुज सुरू झाली.

"अरे, याला काहीतरी झालंय. डॉक्टरला बोलवा रे कुणीतरी!"