चिमण्यांसाठी ठेवलेला दोरा

२२ ऑगस्ट. साड्यांच्या उलट्या बाजूचे सुटे दोरे कापत मी दारात बसले होते. दिवाळीचा माल सुरू झाला की ठेकेदार सकाळी गठ्ठा टाकतो आणि संध्याकाळी उचलतो. मधे मान वर करायला सवड नसते. समोरच्या खोलीतली परभणीवाली म्हणाली, "जळगाववाली, तुमच्या चिमण्यांचं काहीतरी खाली लोंबायलंय बघा."

"लोंबू द्या. अजून अकरा साड्या बाकी आहेत."

"पिल्लू हाय वाटतं."

मी उठले. आमच्या पॅसेजमध्ये लाइटच्या मीटरची पेटी आहे. तिच्या वरच्या फटीत चिमणीचं घरटं होतं. त्यातून एक पिल्लू एका पायावर उलटं टांगलेलं होतं. मेलेलं. पायाला राणी रंगाचा दोरा.

तो आमच्या खिडकीतला आहे हे मला बघताक्षणी कळलं, कारण रंगांची वाटणी माझ्या मुलीने केली होती.

मुलगी बारा वर्षांची. सुरतच्या या पांडेसऱ्यात बघायचं काय, असं कुणीही विचारेल. मिलची धुराडी आणि रंगीत पाण्याची खाडी. पण हिला दिसतं. खाडीवरच्या तारेवर खंड्या, बॉयलरच्या भिंतीमागे मुंगूस, ट्यूबलाइटमागे पालीची अंडी. सगळं एका वहीत, वेळेसकट. साळुंकीला ती 'काबर' लिहिते, कारण तिच्या गुजराती मैत्रिणी तसं म्हणतात. जेवताना घास हातात धरून खिडकीकडे बघत बसायची. मी ओरडायचे, पण फार नाही. मोबाइल मागण्यापेक्षा बरं.

महिन्याभरापूर्वी तिने पाहिलं की चिमणी माझ्या कचऱ्याच्या पोत्यातून दोरा ओढून नेते. तिने वीतभर लांबीचे दोरे निवडले आणि रंगवार जुड्या बांधल्या. आमच्या खिडकीला राणी, परभणीवालीच्या खिडकीला हिरवा, वरच्या मजल्यावर पिवळा, मागच्या गल्लीत मैत्रिणीकडे निळा. कुठल्या घरट्यात कुठला रंग निघतो त्यावरून कुठली चिमणी कुठून सामान नेते ते कळणार होतं. डोकं चांगलं लावलं होतं. "मम्मी, घेऊ ना?" म्हणून विचारायला आली, तर मी म्हटलं, "ने सगळं. तेवढाच कचरा कमी."

हा दोरा मला काय नवा होता? पंधरा वर्षं हेच काम करते. पॉलिस्टरचा दोरा कुजत नाही, ओढून तुटत नाही. बोटाला गुंडाळून ओढला तर बोट कापतं, दोरा तसाच राहतो. माझ्या तर्जनीवर त्याच्या रेघा आहेत. कामाला नव्याने बसणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे पहिल्या दिवशी सांगते. मुलीला सांगितलं नव्हतं.

मी स्टूल आणलं. परभणीवालीने ते धरलं.

"हात लावू नका ताई. माणसाचा वास लागला की चिमणी पिल्लं टाकून देते."

"आत अजून दोन आहेत. पाय एकमेकांना बांधले गेलेत."

"मग लावा," ती म्हणाली.

कापडाला कात्रीचं टोक न लागता दोरा कापायची माझ्या हाताला सवय आहे. पण कापड वळवळत नाही. एका पिल्लाचा पाय सुटला. सुजला होता, पण हलत होता. दुसऱ्याचा काळा पडला होता, दोरा मांसात रुतलेला. जमला तेवढा कापला. त्यात राणीही होता आणि हिरवाही.

"हिरवा म्हंजे माझ्या खिडकीतला," परभणीवाली म्हणाली. मग म्हणाली, "पोरीला सांगू नका. मांजरानं नेलं म्हणा. लई जीव हाय तिचा."

मेलेलं पिल्लू मी कागदात गुंडाळून खाली कुंडीत पुरलं आणि पुन्हा साडी पुढ्यात घेतली. मांजर सोपं होतं. पण वरच्या मजल्यावर पिवळा होता, मागच्या गल्लीत निळा, आणि आणखी कुठे कुठे वाटला होता ते तिलाच ठाऊक. वही दप्तरात, दप्तर शाळेत. तिला विचारल्याशिवाय इलाज नव्हता, आणि विचारायचं तर सांगावंच लागणार होतं.

दुपारी चिमणी चोचीत अळी घेऊन आली. वासाची भीती खोटी निघाली. काळ्या पायाचं पिल्लू तोंड वर करत होतं की नाही, ते खालून दिसलं नाही.

मुलगी आली ती सवयीप्रमाणे दप्तरासकट मीटरखाली उभी राहिली.

"आवाज कमी येतोय."

"आधी पाणी पी."

"तिसरं कुठंय? एवढ्यात उडणार नाही, पिसं पण नव्हती."

"मेलं. दोऱ्यात पाय अडकला."

"कुठल्या रंगाच्या?"

मला वाटलं होतं रडेल. "राणी," मी म्हटलं.

ती वर बघतच म्हणाली, "तूच म्हणालीस, ने सगळं."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"दोऱ्याचं माहीत होतं. चिमणीचा पाय डोक्यात आला नाही."

"तुझ्या डोक्यात फक्त साड्या असतात."

"कुठे कुठे दिलास ते सांग," मी म्हटलं. तिने वही उघडून पान माझ्यासमोर धरलं. मी चार घरं धरून चालले होते, सहा निघाली. दोन तिच्या वर्गातल्या मुलींची. मग तिने वही कपाटावर टाकली, खिडकी लावून घेतली आणि खिडकीकडे पाठ करून जेवायला बसली. ताटातलं सगळं संपवलं. इतक्या वर्षांच्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं, आणि मला ते बघवेना.

"उद्या माझ्याबरोबर चल. दोरे काढून आणू."

"मी नाही येणार. काय सापडलं ते मला सांगू पण नको."

"सांगणार. आणि वर्गातल्या मुलींना तू सांगायचंस. ते मी करणार नाही."

तिने ताट घासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची शाळा होती. मीटरकडे न बघता जिना उतरली. मी ठेकेदाराला फोन करून गठ्ठा दुपारी आणायला सांगितलं. तो कुरकुरला, मी फोन ठेवला. स्टूल आणि कात्री घेऊन वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या बाईने विचारलं, "घरटं पाडायचंय?"

"नाही. फक्त दोरा काढायचाय."

गॅलरीतल्या पाइपामागे घरटं होतं. तीन अंडी, आणि त्यांच्याखाली पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. अंड्यांना धक्का न लावता एकेक दोरा कापून काढायला अर्धा तास लागला. गवत आणि काथ्या तेवढा राहू दिला. मग स्टूल उचललं आणि मागच्या गल्लीत गेले.