ट्रायलचा फोटो

नवघर रोडला भाजीवाल्यांच्या रांगेमागे अंबिका फोटो स्टुडिओ आहे. नाव बायकोचं, पण बायको आत येते ती वर्षातून एकदा, दसऱ्याला कॅमेऱ्याला फूल वाहायला. पंढरीनाथ शिगवण हे तिथले मालक, कारागीर आणि शिपाई. सत्तावीस वर्षांत नवघरच्या निम्म्या लोकांची शाळेच्या दाखल्यापासून भिंतीवरच्या हारापर्यंतची तोंडं त्यांनी टिपली. पासपोर्ट फोटोला बसलेल्या गिऱ्हाइकाला "हनुवटी खाली" म्हणताना त्यांच्या आवाजात जो हुकूम असतो, तो घरात कोणी कधी ऐकलेला नाही.

राईपासून वरसाव्यापर्यंत कबड्डीची एकही फायनल आपल्याशिवाय झाली नाही, असं ते स्वतःच सांगतात, आणि ते बरंचसं खरंही आहे. मंडळवाले त्यांच्या छातीला 'छायाचित्रकार' असं छापलेला लाल-पिवळा बिल्ला टोचतात. मग त्यांना कोणी अडवत नाही. चषक देऊन मोकळ्या झालेल्या नगरसेवकालासुद्धा ते "साहेब, परत एकदा" म्हणून हात पुढे करायला लावतात. असा मान अंगात मुरला की नियम हे बाकीच्यांसाठी असतात असं माणसाला वाटायला लागतं. पंढरीनाथांनाही तसंच वाटत होतं.

लग्नाच्या कामात त्यांची एक रीत होती. नवरी यायच्या आधी तिच्या खुर्चीत कोणालाही बसवायचं, वाढप्याला, करवलीला, नाहीतर कोणाच्या तरी आजोबांना. दोन-तीन फ्लॅश मारून उजेड जुळवायचा. याला ते ट्रायल म्हणायचे. ती माणसं डोळे चोळत उठून जायची आणि त्यांचे फोटो पुसले जायचे. कोणाचं काही बिघडत नसे.

त्यांची मुलगी समिधा दोरीचा मल्लखांब खेळते. वीस फुटांवरून सोडलेल्या दोरीला पायाच्या अंगठ्याने धरून ही पोरगी उलटी लटकायची, आणि खाली अंबिकाबाई डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा भाईंदरलाच भरली, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. समिधाची महाराष्ट्राच्या संघात निवड झाली. पहिल्या तिघींत आली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची वाट उघडणार होती, म्हणून घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी निघताना ती म्हणाली, "पप्पा, कॅमेरा आणू नका हां. तिथे अलाउड नाहीये. मोबाईलवर काढा, पण फ्लॅश नको. वर उलटं असताना डोळ्यात गेला ना, तर दोरीच दिसत नाही."

"बरं," पंढरीनाथ म्हणाले, आणि ती गेल्यावर त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. पोटची मुलगी राष्ट्रीय पातळीवर खेळणार आणि बाप फोटोग्राफर असून मोबाईलवर फोटो काढणार? लोक काय म्हणतील! शिवाय पिशवीत त्यांनी तो कबड्डीचा बिल्लाही टाकला.

दरवाजावर फलक होता. लेन्स सुटणारे कॅमेरे प्रेक्षकांना नेता येणार नाहीत, फ्लॅशला सक्त मनाई. तपासणीला लवू नावाचा चाळिशीचा गार्ड होता. त्याने बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो चालत नाय, काका. इथला पास लागतो. बॅग तिकडे जमा करा."

"पोरगी खेळत्येय रे माझी. शिगवण. यादीत बघ हवं तर."

"शिगवण? कुठले तुम्ही?"

"गुहागर. आबलोलीच्या पुढं."

लवूचा चेहरा एकदम सैल झाला. त्याची बहीण आबलोलीत दिली होती. दोघांनी एसटी स्टँडपासून देवळापर्यंत मिनिटभर गाव फिरून घेतलं. मग लवूने इकडेतिकडे बघितलं आणि पिशवीची चेन स्वतःच्या हाताने लावली. "जावा. गाववाल्याला काय अडवायचं. पण फ्लॅश मारू नका हां, माझ्यावर येईल."

"छे छे," पंढरीनाथ म्हणाले.

ते तिसऱ्या रांगेत बसले. पहिल्या दोन-तीन मुलींचे फोटो फ्लॅशशिवाय घेतले तर सगळे काळपट आणि हललेले. वर छपरातले दिवे, खाली अंधार, मधे गरगरणारी मुलगी. सत्तावीस वर्षांचा कारागीर घायकुतीला आला. समिधाचा नंबर एका मुलीनंतर होता. तिची खेळी दीड मिनिटाची, दुसऱ्यांदा मिळणार नाही. एकच फ्लॅश, नेमक्या क्षणी मारला तर? पण तिला त्रास झाला तर?

आधीची मुलगी दोरीवर चढत होती. नेहा, उज्जैनची, समिधाच्याच वयाची, सडसडीत.

पंढरीनाथांनी त्या वेळी काय विचार केला ते नंतर त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. यात चूकभूल, गडबड, बटण चुकून दाबलं गेलं, असं काही नव्हतं. हिच्यावर एक मारून बघू, असं ते मनात म्हणाले. हिला काही झालं नाही तर समिधावर मारू.

नेहा वर उलटी झाली, हात सोडून गिरकी घेतली आणि दोरी पुन्हा पकडायला हात लांब केला. फ्लॅश उडाला. तिचा हात दोरीच्या बाजूने हवेत गेला. पायाची पकड सुटली, दोन्ही तळहात दोरीला घासत ती सरसर खाली आली आणि गादीवर आदळली. सभागृहात एकदम श्वास रोखल्याचा आवाज झाला. ती उठून बसली तेव्हा स्वतःच्या उघड्या तळहातांकडे बघत होती.

पंढरीनाथांनी कॅमेरा पायाशी सरकवला. शेजारी कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे तिच्याकडे बघत होते.

नेहाच्या कोचने आरडाओरडा केला. बाहेरून अडथळा आला हे सिद्ध झालं तर खेळाडूला पुन्हा संधी, असा तिथला नियम होता. पण पंचांचं एकमत होईना. एक म्हणाले काहीतरी चमकलं, दुसरे म्हणाले छपरातला दिवा लुकलुकतोय. शेवटी माइकवरून विचारलं, "जिसने फ्लॅश मारा है, कृपया सामने आए. कोई कार्रवाई नहीं होगी. बच्ची को दोबारा मौका देना है."

नुसतं उभं राहायचं होतं. एवढंच.

आत्ता उठलो तर समिधा बघेल, पंढरीनाथांनी स्वतःला सांगितलं. तिचा नंबर आहे, तिचं लक्ष उडेल. तिचं होऊ दे, मग सांगतो. खाली एक सुपरवायझर लवूला झापत होता, कॅमेरा आत कोणी सोडला म्हणून. लवूने मान वर करून रांगा शोधल्या. त्याची नजर पंढरीनाथांवर आली, क्षणभर थांबली आणि खाली गेली. "मालूम नहीं साब," तो म्हणाला. पंढरीनाथांच्या कानशिलांतून ऊन वाफ निघाली. आपल्यापेक्षा हा बरा, असं त्यांना वाटलं, आणि तरी ते बसूनच राहिले.

कोणीच पुढे आलं नाही, म्हणून नेहाला दुसरी संधी मिळाली नाही. समिधा देखणी खेळली. बापाने तिचा एकही फोटो काढला नाही. कॅमेरा पायाशीच राहिला.

निकालात समिधा तिसरी आली आणि नेहा चौथी, अर्ध्या गुणाने. आता सांगितलं तर पोरीच्या गळ्यातून पदक काढून घेतील, हे दुसरं कारण लगेच तयार होतं. एकदा लपायला लागलं की कारणं आपणहून चालत येतात. बक्षीस देताना समिधाने गर्दीत त्यांना शोधून हात हलवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या टाळ्यांचीच त्यांना किळस आली.

गर्दी पांगल्यावर ते दरवाजाबाहेर उभे होते. लवूच्या जागी दुसराच गार्ड आला होता. समिधा धावत आली, आणि तिच्या मागून नेहा. दोन्ही तळहातांना पट्ट्या. दोघींची चार दिवसांत मैत्री झाली होती, हे पंढरीनाथांना माहीतच नव्हतं.

"पप्पा, ही नेहा. हिची आज काय वाट लागली बघितलंत ना? कोणीतरी हलकट माणूस फ्लॅश मारून बसला. तुम्ही तर मोबाईल—" ती थांबली. पिशवीच्या उघड्या तोंडातून कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत होता.

नेहाने तो आधीच पाहिला होता. "अरे वाह, अंकल के पास तो असली कॅमेरा है! समिधा बोली थी आप फोटोग्राफर हो. हम दोनों का एक खींचोगे? पापा नहीं आ पाए. उनको भेजूंगी."

समिधा बापाच्या तोंडाकडे बघत होती. नेहाने तिच्या खांद्यावर पट्टीचा हात अलगद टाकला आणि हसून उभी राहिली.

पंढरीनाथांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत दोघी बरोबर बसल्या होत्या. त्यांनी बोट बटणावर ठेवलं, आणि ते दाबायच्या आधीच नेहाने डोळे गच्च मिटून मान फिरवली.

"सॉरी अंकल," ती लाजून म्हणाली. "अपने आप हो गया. फिर से लो."

त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"बेटा," ते म्हणाले. "वो फ्लॅश मेरा था. गलती से नहीं मारा. समिधा के पहले देखना था कि तकलीफ होती है क्या. तुम पर देखा."

नेहाला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. ती हसायच्या बेतात होती. मग तिने हात समिधाच्या खांद्यावरून काढून घेतला.

"माइक पे पूछा था ना?" तिने विचारलं. "तब आप वहीं थे?"

"हां."

नेहा दोन पावलं मागे सरकली. समिधा रडत नव्हती, ओरडतही नव्हती. ती बापाकडे पाहतच नव्हती. तिने गळ्यातलं पदक मुठीत धरलं आणि नेहाला दिसू नये म्हणून हळूच जर्सीच्या आत सरकवलं.